सुनंदाताई आणि कापलेला वेळ

आमच्या नर्मदाकाठच्या शहरात, अधारतालच्या मुख्य रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर सुनंदाताईंची संकलनाची खोली आहे. माझा पहिला लघुपट घेऊन तो जिना चढलो, तेव्हा माझं नाक बरंच वर होतं. पडद्यावर माझा नायक गोहलपुरातल्या घराला कुलूप लावत होता, गल्ली ओलांडत होता, रिक्षा शोधत होता. ताईंनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "भैया, हा नर्मदेवर चालला हे समजलं. आता त्याला पोचव ना."

त्यांनी कुलपानंतर थेट नदी जोडली. नायक क्षणात घाटावर उभा राहिला, आणि का कोण जाणे, मला त्याची भीती वाटली. मधल्या वाटेवर त्याला कोण भेटलं असेल, असं मनात आलं.

ही भीती ताईंना ठाऊक आहे. लघुपटात वेळ आटवावाच लागतो, पण कापलेला तुकडा टाकण्याआधी तो अखेरपर्यंत पाहायचा, असा त्यांचा दंडक. आम्ही शिष्य कुरकुरायचो. ताई म्हणायच्या, "ज्याचा वेळ तू कापून राहिला, त्याचं तोंड तरी पाहून घे."

पुढे माझ्या बाबांना पक्षाघात झाला. बोलणं जवळजवळ बंद झालं. ते मला ओळखतात की नाही, हेच कळेना, आणि ती टोचणी कुणाला सांगवेना. मग मला सुचलं ते सिनेमाचंच. महाराजपुरातल्या आमच्या घराच्या ओसरीवर बाबा रोज सकाळी फाटकाकडे तोंड करून बसत. एकाच जागी कॅमेरा लावून, त्याच्यामागे उभा राहून मी रोज एक शॉट घेऊ लागलो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचं त्यांचं सावरणं काही मिनिटांत दाखवायचं, असा बेत होता.

ताईंनी ते शॉट जोडले. प्रत्येक शॉट बाबांचा हात कपाकडे जाताना सुरू आणि लगेच खलास. स्वेटर गेला, शाल गेली, उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकली. आणि बाबांची मान वळू लागली. फाटकाकडून कुंडीकडे, कुंडीकडून खांबाकडे, आणि शेवटी ते थेट आमच्याकडे पाहू लागले. मी एकेका दिवसाचा शॉट वेगळा लावून पाहिला. बाबा कुठल्याच शॉटमध्ये हलले नव्हते.

ताईंनी यंत्र बंद केलं. "एका दिवसात हे दिसत नाही. ते तुला शोधून राहिले, अन् तू कॅमेऱ्याच्या मागं. जाऊन बस त्यांच्याजवळ. हा पिक्चर पुरा करू नको."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा आत ठेवून मी बाबांशेजारी खुर्ची टाकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या त्या रिकाम्या जागेवरच खिळलेली. तिथे कॅमेरा नव्हता, मी नव्हतो, तरी ते कुणाला तरी पाहत होते. आई ती जागा टाळून ये-जा करू लागली. मी हाक मारत होतो, हात धरत होतो, पण त्यांच्या लेखी मी तिथेच उभा होतो.

मी ताईंना हे सांगितलं मात्र, गुडघे दुखत असताना त्या रिक्षा करून आमच्या घरी आल्या. बरोबर त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांची नजर त्यांच्यावर स्थिरावल्यावर त्या हळूहळू चालू लागल्या. नजर त्यांच्या मागोमाग सरकली. ताई माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या आणि खाली वाकल्या. बाबांची नजर माझ्या चेहऱ्यावर उतरली. बराच वेळ ते पाहत राहिले. मग ओठ हलले.

"काहून... इतका वेळ लावला?"

मी रडलो. ताई आईला म्हणाल्या, "चलो, आता चहा टाका."

ज्यासाठी हे लिहितो आहे, त्या गौरवग्रंथासोबत ताईंच्या पंचाहत्तर वर्षांवर एक लघुपट करावा, असं ग्रंथाच्या समितीने मला सुचवलं होतं. मी नम्रपणे नकार दिला. दर रविवारी त्या खोलीत जातो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. सुनंदाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ते आम्हां शिष्यांना त्यांच्याजवळ बसून, पूर्ण लांबीचं पाहायला मिळो.