दोन रंगांची बाजू

ईश्वरीनं लाल बाजू वर असलेला ठोकळा उचलला आणि न बघताच उलटा केला. वर आली कोरी पांढरी बाजू. तिनं चमकून ठोकळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. जणू मीच काहीतरी बदललं होतं.

मी डॉक्टर नाही बरं का. आधी बालवाडीत होते. मग वर्ध्याला एका समुपदेशन केंद्रात मदतनीस म्हणून लागले आणि बघत-वाचत मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घ्यायला शिकले. रिपोर्टवर सही आमच्या डॉक्टर मॅडमची. चाचणीतला एक भाग ठोकळ्यांचा. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या कापल्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या. चित्र दाखवायचं, मुलानं ठोकळे जुळवून तसंच करायचं, मी स्टॉपवॉच लावायचं. त्याच वयाच्या बाकी मुलांशी ताडून आय.क्यू. काढतात. पण त्या मुलांनी ठोकळे पहिल्यांदाच पाहिलेले असतात. म्हणून समोरच्या मुलानंही पहिल्यांदाच पाहावेत, एवढीच अट.

त्याआधी तोंडी प्रश्न झाले होते. नदी आणि रस्ता यांच्यात सारखं काय? बहुतेक मुलं ‘दोन्ही लांब’ म्हणून मोकळी होतात. ईश्वरी म्हणाली, “दोघंबी गावाले गाव जोडते.” मी मनातून अशी हरखले! हुशार मुलांच्या नागपूरच्या निवासी शाळेत तिला जायचं होतं. वयाच्या अटीमुळं संधी याच वर्षीची. शाळेला आमचा रिपोर्ट हवा होता.

आणि आता तिची बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती.

“काय शोधून राह्यली बाळा?”

“काकू, तुमचे ठोकळे चुकले आहे. आमच्या घरी लालच्या मागं दोन रंगाची बाजू राह्यते.”

स्टॉपवॉच बंद करायचंही मला सुचेना.

तिचे वडील विलासभाऊ बाहेर बसले होते. शेत वडनेरला, भाजीचं दुकान हिंगणघाटला. त्यांना आत बोलावलं, डॉक्टर मॅडमनाही. लपवाछपवी नाही, उलट कौतुकानंच सांगू लागले, “मोबाइलवर व्हिडिओ पाह्यला न् मिस्त्रीकडून बनवून घेतले ठोकळे. सागवानाचे! रोज बसवत होतो तिले. प्रश्नबी होते त्यात, तेबी करून घेतले.”

“नदी-रस्त्याचा पण?” मी विचारलं.

“तो नाई. तसं बोलता मले कुठं येते, काकू?”

डॉक्टर मॅडमनी डोक्याला हात लावला. “विलासभाऊ, हा निकाल आता धरता येणार नाही.”

“काऊन? बजारात न्याच्या आधी वांगे पुसूनच नेतो ना आपण? म्या तेवढंच केलं.”

“वांगी पुसलीत ते ठीक. पण आम्हाला वजन करायचं होतं, आणि तुम्ही काट्यावर हात ठेवलात.”

हे त्यांना लगेच समजलं. दुकानदार माणूस. हळूच म्हणाले, “मंग हात काढतो ना. उद्या पुन्हा घ्या.”

तसं होत नाही. पुन्हा घ्यायची तर मध्ये बराच काळ जावा लागतो, तोवर तिचं वय निघून जाणार. दुसरी चाचणी घ्यावी, तर त्यातही याच धर्तीचे प्रश्न. शिकवलेलं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे वेगळं काढायचं कसं? नदीचं उत्तर तिचंच होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण एका उत्तराचा आय.क्यू. निघत नाही. मॅडमनी लिहिलं, निकाल ग्राह्य नाही. दुसरं काही लिहिताच येत नव्हतं.

जाताना ईश्वरीनं वडिलांना विचारलं, “बाबा, मी नापास झाली का?”

“तू नाई व माय,” ते म्हणाले, “मी झालो.”

परवा हिंगणघाटला त्यांच्या दुकानावर गेले. ईश्वरी आता तिथल्याच शाळेत जाते. बरं चाललंय म्हणाले. इलेक्ट्रॉनिक काटा डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली सागवानी ठोकळा सरकवलेला. दोन रंगांची बाजू समोर. मी पाहिलं, त्यांनी मला पाहताना पाहिलं, आणि मेथीची जुडी जरा जास्तच वेळ निवडत राहिले.

आता चाचणीची तारीख देताना मी प्रत्येक आईबापाला सांगते, पोराला पोटभर जेवू घाला, झोपू द्या, बाकी काही करू नका. सगळे मान हलवतात. आणि दारातून वळून विचारतात, “तरीबी काकू, काय करून घ्याचं ते सांगून ठेवा ना.”