उल्देरिको पानफिली आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होतात

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये बार्टन रस्त्यावर, लाँड्री आणि दातांच्या दवाखान्याच्या मधे, उल्देरिको पानफिली यांचं वाइनचं दुकान आहे. तिथे वाइन विकत मिळत नाही. तिथे माणसं स्वतःची वाइन स्वतः करतात. म्हणजे द्राक्षरस पानफिली आणतात, काचेचे मोठे बुधले ते धुतात, रस ते ओततात, ढवळतात, गाळतात आणि सहा आठवडे सांभाळतात. गिऱ्हाईक येतं, यीस्टची पुडी फाडतं, रसावर भुरभुरवतं आणि घरी जातं. दहा सेकंदांचं काम. पण कायद्याने ते त्याच्याच हातून व्हावं लागतं. यीस्ट टाकायला दुकानदाराचा हात लागला तर ती दुकानदाराची वाइन, आणि दुकानदाराला वाइन करून विकायचा परवाना नाही. शेवटी बाटल्याही गिऱ्हाइकानेच भरायच्या. मग त्याच्या घरी जेवायला गेलं की तो बाटली उंच धरून सांगतो, "ही मी केली." शेजारी बसलेले पानफिली गंभीरपणे मान डोलावतात.

सगळा रस्ता त्यांना झिओ म्हणतो, काका या अर्थाने. मी सतरा वर्षं त्यांच्याकडे काम करते. आमच्या दुकानात बुधल्यांना माणसांचीच नावं असतात, कारण प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते. "कोवाल्चुकबाई रात्रभर उतू जात होत्या, त्यांना खाली ठेव," असं झिओ मागच्या खोलीतून ओरडतात, आणि कधीकधी खऱ्या कोवाल्चुकबाई काउंटरपाशीच उभ्या असतात. त्यांनाही त्यात काही वाटत नाही. "मग आता बऱ्या आहेत ना?" एवढंच त्या विचारतात.

झिओंनी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर नेमकं हेच दुकान का काढलं, याचं कारण त्यांच्या बायकोने, झिआ म्हणजे काकू अस्सुन्ताने, मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी, इटलीत आब्रुत्सोमधल्या त्यांच्या गावी, स्वतःच्या लग्नाची वाइन झिओंनी स्वतः केली होती. तिचं व्हिनेगर झालं. दोनशे वऱ्हाडी तोंडं वाकडी करून बसले. झिआचे वडील उठले, भरलेला पेला सगळ्यांदेखत सॅलडवर ओतला आणि म्हणाले, "जावयाने सॅलडची सोय चांगली केली."

"त्या दिवशी मी याला सांगितलं, पुन्हा वाइनला हात लावायचा नाही," झिआ म्हणाली. "आणि बघ, याने जगातलं एकच असं दुकान शोधलं जिथे हात लावायला कायद्यानेच बंदी आहे."

गेल्या वसंतात लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. चर्चच्या सभागृहात ऐंशी माणसांचं जेवण ठरलं. एका सोमवारी झिओ कोट घालून पुढच्या दाराने दुकानात आले. ते कायम मागच्या दाराने येतात. काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला, ते टोपी हातात धरून उभे राहिले.

"मला वाइन करायची आहे," ते म्हणाले. "अस्सुन्ताने माझ्या हातची एक तरी वाइन प्यायला हवी. पेला संपवायला हवा. मग मी मरायला मोकळा."

"मग करा की झिओ. दुकान तुमचंच आहे."

"तेच तर. मालकाला करता येत नाही. आज मी गिऱ्हाईक आहे. मला नियम सांग."

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी त्यांना नियम सांगितले. आत यायचं नाही, बुधल्याला हात लावायचा नाही, काळजी करायची नाही, बोलावल्यावर यायचं. हे सगळे त्यांनीच लिहून भिंतीवर लावलेले. प्रत्येक नियमाला त्यांनी नव्याने ऐकल्यासारखी मान हलवली. मी पुडी दिली. हजारो माणसांना "फाड आणि टाक, तान्ह्या बाळालाही जमेल" असं सांगणाऱ्या त्या माणसाला ती फाडता येईना. शेवटी दातांनी फाडली. थोडं यीस्ट मिशीत राहिलं, ते त्यांनी बोटाने झटकून आत पाडलं. वाया जायला नको म्हणून.

त्यांच्या बुधल्याच्या शेजारीच तावारिस नावाच्या गिऱ्हाइकाचा बुधला होता. तोच रस, तीच पुडी, तोच सोमवार. तावारिसला नातीच्या बाप्तिस्म्यासाठी वाइन हवी होती.

पुढचे सहा आठवडे दुकानाला मालक नव्हता. एक गिऱ्हाईक होतं, आणि ते गिऱ्हाइकांच्या बाकावर सकाळपासून बसून असायचं.

"पानफिली कसे आहेत?" झिओ विचारायचे.

"बरे आहेत."

"बुडबुडे किती येतायत?"

"झिओ, काल तुम्ही कोवाल्चुकबाईंना हेच विचारल्याबद्दल घरी पाठवलंत."

"त्यांची गोष्ट वेगळी. त्या उगाच घाबरतात."

जेवायला घरी गेले की तिथून दुकानात फोन करायचे. आवाज बदलून. "पानफिलींचा नातेवाईक बोलतोय," म्हणायचे.

मला ही गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही. माझा मुलगा कॅल्गरीला असतो. दिवसातून तीनदा त्याला फोन करायची मला सवय आहे आणि तो उचलत नाही म्हणून चौथ्यांदा करायचीही. झिओंच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला आरशात पाहिल्यासारखं कळत होतं.

चौथ्या आठवड्यात मला वास आला. अगदी हलका, लोणच्याची बरणी शेजारच्या खोलीत उघडल्यासारखा. मी वाकून एकेका बुधल्याशी नाक नेलं. पानफिली. बूच तिरकं बसलेलं होतं आणि समोर एक लाकडी खुर्ची होती, जी मी तिथे ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी आले. झिओ त्या खुर्चीवर बसले होते, बूच हातात, नाक बुधल्याच्या तोंडात.

"कधीपासून उघडताय?" मी विचारलं.

"रोज. एकदाच. कधी दोनदा."

"हवा लागली की आंबट होते, हे मला कोणी शिकवलं?"

"मी."

"आणि गावी, लग्नाच्या वेळी?"

"तेव्हा तासातासाला उघडायचो," ते म्हणाले. "तेव्हा माझं वय कमी होतं, काळजी जास्त होती."

म्हणजे त्यांच्या हातात दोष नव्हताच. त्यांना फक्त सोडून देता येत नव्हतं. मी खुर्ची उचलून बाहेर नेली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दुपारी झिओ बाकावर डुलकी घेत असताना मी पानफिलींची चिठ्ठी सोडली. तावारिसची पण सोडली. दोन चिठ्ठ्या दोन हातांत. बदलल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. झिआने उत्तम वाइन प्यायली असती. मग मला तावारिसची नात आठवली. तिच्या आईने मला तिचे फोटो दाखवले होते, सगळे, एकेक करून. तिच्या बाप्तिस्म्याला ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची धाकधूक लोकांना प्यायला देणं मला जमेना. ज्याची चिठ्ठी त्यालाच बांधली. गाठ दोनदा तपासली, नंतर पुन्हा एकदा.

बाटल्या झिओंनी स्वतः भरल्या, तीस झाल्या. चव घेऊन बघायला ते तयार नव्हते. "पहिली तिची," म्हणाले.

सभागृहात मी झिआच्या शेजारच्या टेबलावर होते. झिओ उभे राहिले, पेला भरला, तिच्यापुढे ठेवला. "ही मी केली," ते म्हणाले.

झिआ म्हणाली, "तू काय केलंस? पुडी टाकलीस. ते तर तो दातांचा डॉक्टरही करतो आणि वर्षभर मला ऐकवतो. ही तुझी कशावरून?"

झिओंनी पावती काढून दाखवली. तिने पावतीकडे पाहिलंही नाही. "पावती काय, तावारिसकडेही असेल."

ऐंशी माणसं काटे खाली ठेवून बघत होती. झिओंनी पावती घडी करून खिशात ठेवली. मी जेवणाचा रुमाल पिळत बसले होते.

झिआने घोट घेतला. तिचे डोळे बारीक झाले, गाल आत गेले, मान एका खांद्याकडे वळली. कोणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं. तिने घोट गिळला.

"हो," ती म्हणाली. "याचीच आहे. ही चव मी कुठेही ओळखेन."

मग दुसरा घोट घेतला. तिसरा. प्रत्येक वेळी चेहरा तस्साच झाला. तळाशी दोन बोटं उरली तेव्हा तिने सॅलडचं भांडं पुढे ओढलं. झिओंनी हात पुढे केला.

"पेला संपवायला हवा, अस्सुन्ता."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, भांडं मागे सारलं आणि उरलेली दोन बोटंही पिऊन टाकली. पेला उलटा करून टेबलावर ठेवला.

"बाकीच्या बाटल्यांना कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तूसुद्धा. उघडून बघायचंही नाही."

झिओ हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा एकोणतीस बाटल्या त्यांच्या तळघरात होत्या, आणि समोर एक खुर्ची.