भाकर खाल्लेला उंदीर

बोईसरला उतरले तेव्हा हातात पत्र्याचे पिंजरे होते आणि कानात कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांचं बजावणं: "काटेरी उंदराचा नमुना आणला नाहीस, तर शिष्यवृत्ती विसर." पाठीवर राठ केस असलेला हा उंदीर डोंगरातल्या दगडाळ उतारावर राहतो.

स्टेशनाबाहेर एका ट्रकवाल्याने विचारलं, "प्लांटपे जाना है ना?" मी पूर्वेच्या डोंगराकडे बोट दाखवलं, त्याने मान डोलावली आणि मला थेट तारापूरला नेऊन सोडलं. समोर समुद्र! तेव्हा बोईसरला उतरणारा परका माणूस अणुवीजघराच्या बांधकामावरच जाणार, अशी साऱ्यांची खात्री होती. चरफडत उलटी फिरले. डोंगरातल्या पाड्यावर (वस्तीवर) पोचेपर्यंत दिवस कलला.

लाडक्या आणि त्याची बायको सोनी यांनी मला आपल्या कुडाच्या घरात ठेवून घेतलं. नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटीची चटणी मी लाज सोडून खाल्ली. उरलेल्या भाकरीचे तुकडे पिंजऱ्यांत आमिष म्हणून लावले.

सकाळी पाहते तो पिंजऱ्यांची दारं बंद, भाकर फस्त, आत नुसत्या लेंड्या. उंदीर नाही! दुसऱ्या दिवशीही तेच. स्प्रिंग तपासली, त्यात माझंच बोट सापडलं. डोकं चालेना. मग आठवलं, आदल्या संध्याकाळी यांच्या चुलीवर उंदीर भाजत होते. माझा पारा चढला.

"सोनीबाई, माझे उंदीर तुम्ही खाल्लेत?"

"आमी कशाला खाऊ?" सोनी फणकारली. "पहाटं सोडून दिले."

"सोडले? का?"

"तुमची भाकर खाल्ली ना त्यांनी? घास घालून मारत नाय आमच्या घरात."

"आणि काल चुलीवर होते ते?"

"ते शेतातले. बीळ खणून धरले. त्यांना कोणी जेवायला बोलावलं होतं?"

मी रिकामे पिंजरे आवरायला लागले. हसत हसत लाडक्याने कुदळ उचलली. "चला बाय, खणून देतो तुमाला."

उतारावर बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचलेले होते. खणता खणता काटेरी उंदीर जिवंत हाती लागला आणि मी आनंदाने ओरडलेच. नमुना म्हणजे मारून बरणीत ठेवायचा, पण सोनीच्या अंगणात क्लोरोफॉर्मची बाटली उघडायला हात धजेना. म्हटलं, घरी गेल्यावर बघू.

परतीच्या गाडीत उंदीर पिंजऱ्याची जाळी कुरतडत होता. सोनीने वाटेसाठी बांधून दिलेली भाकर मी सोडली, एक घास खाल्ला, एक तुकडा सहज जाळीतून आत सरकवला. पुढचे दोन्ही पाय हातांसारखे धरून तो खाऊ लागला. मी कौतुकाने बघत होते. आणि मग लक्षात आलं. अगं बाई, हा जेवला की!

कॉलेजात सरांनी काचेची बरणी पुढे केली. "चल, आटप."

"सर, याने माझी भाकर खाल्लीय."

"मग?"

मी पिंजरा उचलला आणि उंदराला घेऊन तशीच घरी आले. सोनीच्या घरचा नियम माझ्या घरी कधी आला, ते कळलंच नाही. शिष्यवृत्ती गेली तेव्हा मी ढसाढसा रडले. मग डोळे पुसून उठले आणि पिंजऱ्यात भाकरी कुस्करून घातली.