नेरीच्या नावापुढचा तीन

दुसऱ्याच्या पोटातल्या भीतीला वीसपैकी गुण देण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिलाय का? नाही ना? मग हेर्नानला कुणी दिला?

मोन्तेविदेओच्या सेर्रो वस्तीतला आमचा फुटबॉल क्लब दुसऱ्या श्रेणीत लोळतो, आणि त्याच्या खेळाडूंचे कपडे ओदिला अर्धं आयुष्य धुते आहे. तिच्या धुलाईच्या खोलीत येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा पेला कायम फिरता. एकच पेला, एकच नळी. ती भरून देणार, तुम्ही संपवून परत करणार. परत करताना ‘आभारी आहे’ म्हटलंत की तुमचं पुरे झालं, मग पेला तुमच्याकडे वळत नाही.

हेर्नान तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, तिशी ओलांडलेला घोडा. क्लब चालवायचा तो संगणकातला खेळ जगभर खेळतात ना, त्यासाठी आमच्या पोरांचे आकडे हाच पाठवायचा. फुकट, हौसेनं. पळणं, उडी, लाथ हे त्याला बाकावरून दिसायचं. घोडं अडायचं मनाच्या रकान्यांपाशी. जिद्द, धीर, पुढारपण. मग स्वारी मावशीकडे.

“मावशी, आपल्या कप्तानाच्या पुढारपणाला किती देऊ?”

“त्याला? नुसता बोंबलतो, ऐकतं कोण? तो बुटका बघ, हरल्यावर सगळ्यांचे मोजे गोळा करून आणतो. पुढारी तो.”

“आणि नेरीचा धीर?”

नेरी गोलरक्षक. ओदिलाचा हात जरा थांबला. मग हेर्नान घरचाच पोरगा म्हणून सांगितलं तिनं. प्रत्येक सामन्याआधी नेरी मागच्या मोरीत भडभडून ओकतो. ती ओला टॉवेल धरते. तो चूळ भरतो, जातो, आणि समोरच्याच्या बुटांवर उडी घेतो.

“धीर म्हणजे भीती नसणं नव्हे, मठ्ठा! आतडी पिळवटतात तरी हात कापत नाहीत, तो धीर. वीस दे त्याला, वीस. पण हे बाहेर बोललास तर जीभ हासडीन.”

“आईची शपथ, मावशी.”

म्हणजे ओदिलाच्याच बहिणीची.

त्या खेळाची नवी आवृत्ती आली. नेरी, धीर: तीन. खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या पानावर कुणीतरी विचारलं, इतका कमी का रे? साहेबांना आतली खबर मिरवायची होती. मोरीतलं ओकणं लिहून मोकळे झाले.

त्या रविवारी नेरीच्या गोलामागे विरोधकांनी प्लास्टिकच्या बादल्या उंचावल्या. “ओक, नेरी, ओक!” नेरीनं वळून बादल्यांकडे पाहिलं नाही. त्यानं धुलाईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ठाऊक होतं ते एकाच माणसाला.

ओदिलानं हेर्नानला बेकरीच्या दारातच गाठलं.

“मी खोटं लिहिलं का?” तो वर तोंड करून म्हणाला.

“खरं होतं म्हणून तर चोरलंस! खोटं चोरायला कोण जातं?”

“बरं बाई, पुढच्या वर्षी पाच करतो.”

बहिणीचे डोळे होते त्या तोंडावर, म्हणून तिचा उगारलेला हात खाली आला.

पुढच्या सामन्याआधी ती टॉवेल भिजवून मोरीशी उभी राहिली. नेरी आलाच नाही. मैदानाच्या कुंपणाआडून तोंड बाहीला पुसत येताना दिसला. सामना संपल्यावर सदरा टाकायला तेवढा आला. तिनं पेला पुढे केला.

“नेरी, मी त्याला कौतुकानं सांगितलं रे. माझंच रक्त, वाटलं...”

त्यानं उभ्याउभ्या नळी ओढली, पेला परत दिला.

“आभारी आहे, बाई.”

काकू म्हणायचा तो तिला. आणि आजवर आभार कधी मानले नव्हते.

तो खेळ तुमच्याही घरात असेल. आकडे बदलायची सोय त्यात असते, हे मला माहीत आहे. आज बसा, आमचा क्लब शोधा, नेरीच्या नावापुढचा तो तीन पुसा. वीस टाका असं म्हणत नाही. रकाना रिकामा सोडा.