बुधाजींच्या करगोट्यातले दोन पैसे

आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात बुधाजी शिपाई होते आणि मी नवी डेमॉन्स्ट्रेटर. खरं सांगायचं तर मुलांना जीवाश्म तेच शिकवायचे, मी नावाला उभी असायची. "हे हाड, जसंच्या तसं दगड झालेलं. हा नुसता ठसा, शिंपली विरघळून गेली. अन् ह्या किड्याच्या वाटा. किडा न्हाई उरला, त्याचं चालणं उरलं." वरळीच्या टेकडीतल्या काळ्या खडकात सापडलेला इवलासा बेडूक तर ते कुणाला हातात देत नसत. "दोन लाव्हांच्या मधल्या गाळातला हाय हा. खालच्या लाव्हाच्या नंतरचा, वरच्याच्या आधीचा," एवढं सांगून कपाट बंद. किरणोत्सारावरून खडकाचं वय मोजायची नवी रीत तेव्हा पुस्तकांत येऊ लागली होती, पण आमच्याकडे बुधाजीच होते.

१९५७ च्या मार्चात त्यांच्या पायाला भिंगरी लागली. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रस्ता दणाणत होता, आणि आत हा माणूस जीवाश्मांचा एकच ट्रे दहादा कपाटात ठेवी, दहादा बाहेर काढी. मी चिडून विचारलं तेव्हा कळलं, निवृत्तीचं पत्र आलं होतं. जूनअखेर साठ पुरी. आणि त्यांची लेक शैला जूनमध्येच आमच्याकडे बी.एस्सी.ला येणार होती. तिची प्रॅक्टिकल्स सुरू व्हायची जुलैत.

"तिच्याम्होरं पहिला ट्रे मीच ठेवणार होतो, बाई. येवढंच मागणं होतं."

पण साठीचा माणूस तीन जिने असे एका दमात चढतो? नोकरीला लावताना त्यांच्या आईने 'पलेगात झालाय' एवढंच सांगितलं होतं. आमच्या गिरगावातही कुणी प्लेगातला, कुणी मानमोडीच्या तापातला. तारखा कोण ठेवतो? कारकुनाने १८९७ ठोकून दिलं.

ते साल चुकीचं आहे हे दाखवायला बुधाजी तडक लालबागला थोरल्या बहिणीकडे, सुंदराबाईंकडे गेले आणि तिच्या पत्र्याच्या डब्यातून आपला लहानपणचा करगोटा घेऊन आले. बाळाच्या जन्मसालाचा पैसा भोक पाडून करगोट्यात ओवायचा, ही त्यांच्या घरची रीत. ह्या करगोट्यात पैसे दोन होते. एक राणीचा, १८९७ चा. दुसरा एडवर्डचा, १९०४ चा.

हेडक्लार्क खूश झाला. "हे बघा, सत्त्याण्णव! पुरावा तुम्हीच आणलात."

बुधाजी उसळले. "थराचं वय जुन्या शिंपलीवरनं धरत न्हाईत, साहेब. जुनी शिंपली वाहून येऊन नव्या गाळात बसती. सगळ्यांत नवं काय घावलं ते बघा!"

"मग राणीचा पैसा कुठून वाहून आला?"

शेवटी बहिणीचा जबाब आणा, असं ठरलं.

रविवारी जबाब लिहून घ्यायला मी त्यांच्याबरोबर लालबागला गेले. हार घातलेल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली सुंदराबाई बसल्या होत्या. बुधाजी दारापासून मोरीपर्यंत येरझारा घालत होते.

"बस की रे," त्या म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "पलेगातला हा न्हवं, बाई. ह्याच्या आधीचा भाऊ. चार वर्साचा हून देवीनं गेला. मग हा झाला. आज्याचं नाव चालवायचं म्हून ह्यालाबी बुधाजीच म्हनलं. आईनं थोरल्याचा पैसा ह्याच्या करगोट्यात ओवला. तिच्या मनात दोघं एकच झाले हुते. थोरल्याचं नाव काढलं की दोन दिस जेवायची न्हाई, म्हून आमी कुनी बोललो न्हाई."

बुधाजी मोरीपाशीच थांबले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

जबाब पाहून प्राचार्यांनी सही केली. बुधाजींना सात वर्षं मिळाली, शैलाचं शिक्षण पुरं होऊन वर उरतील इतकी. हेडक्लार्कने नोकरीचं पुस्तक उघडलं, १८९७ वर काट मारायला लाल शाईचा टाक टेकवला, आणि बुधाजींनी त्याचा हातच धरला.

"खोडू नका, साहेब. त्याची कागदावर तेवढीच खूण हाय. माझं साल त्याच्या वर लिवा. खालचं आधीचं, वरचं नंतरचं."

हेडक्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मग लाल टाक बाजूला ठेवला आणि वरच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात १९०४ लिहिलं.