शिरपूरचा गोलकीपर

माणिकरावांनी फुटबॉलची लीग काढली तेव्हा सगळ्यात आधी हसलो तो मी. उभी हयात शाळेत पोरांना पीटी शिकवण्यात गेली, त्यामुळे आमच्या शिरपूर जैनमध्ये फुटबॉल कळणारी माणसं किती ते मला बरोबर ठाऊक होतं. माणिकराव म्हणजे गावचे बडे जमीनदार, एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, आणि नवीन काही दिसलं की हात धुऊन त्याच्या मागे लागणारे. पुण्याला कुठलासा सामना पाहून आले आणि मला म्हणाले, "सर, आपल्या इकडं बी झालं पाह्यजे. गावोगावचे संघ, अन् खेळाडू पगारी." हौसेला मोल नाही. किन्हीराजा, अनसिंग आणि आजूबाजूची आणखी गावं तयार झाली. दिवाळी ते महाशिवरात्र असा हंगाम ठरला, आणि पेन्शन खात बसलेल्या मला पंचाची शिट्टी मिळाली.

निलगिरीच्या बल्ल्यांचे खांब, भोईवाड्यातून आणलेली जाळी आणि सोयाबीन निघालेल्या पडीत रानाचं मैदान. हंगामाआधीच्या सरावात चेंडूमागे बावीस जण एकदम पळत होते. मी शिट्टी वाजवून वाजवून बेजार. पण एक माणूस पाहिला आणि माझं हसू बंद झालं.

मोहनसिंग राठोड. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा, लांब हातांचा, कमी बोलणारा. आश्रमशाळेत शिकताना त्याच्याकडे बूट नव्हते. ज्याला बूट नाहीत त्याने गोलात उभं राहायचं, असा तिथला कायदा. अनवाणी पोरगा गोलात उभा राहिला तो कायमचाच. चेंडू कुठे येणार ते त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. कधी गोल खाल्लाच, तर खांबाला शिवी द्यायचा, माणसाला कधीच नाही.

पण दिवाळी म्हणजे तांडा रिकामा व्हायची वेळ. तिकडे सांगलीच्या बाजूला ऊसतोड सुरू होते आणि तांड्यावरची बहुतेक घरं ट्रकात बसून निघतात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळी नेणारा मुकादम उभं करत नाही. मोहनसिंग आणि त्याची बायको हेमला लग्नापासून दर साली असाच एक कोयता होऊन जात. त्या वर्षीही दसऱ्यालाच मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन झाली होती.

माणिकराव त्याला म्हणाले, "तू शिरपूरकडून खेळ. शिरपूर पहिलं आलं, की माह्या शाळेत तुले शिपाई म्हणून लावतो. कायमचा."

ऊसतोड कायमची सुटणार. या एका गोष्टीसाठी मोहनसिंगने काहीही केलं असतं. प्रश्न एवढाच होता, की त्याच्या जागी उसाच्या फडात कोण?

त्याचा बाप लखीराम पुढे झाला. साठी केव्हाच उलटलेली, कंबर वाकलेली, फडातून सुटून चार सालं झालेली. म्हणाला, "म्या जातो सुनंसंगं. एक हंगाम तं काढतोच. तू खेय, पोरा." हेमलाने सासऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "एकच साल," ती म्हणाली. "मंग आपुन दोघं बी घरी."

म्हातारा आणि सून मिळून कोयता पूर्ण झाला. मुकादमानेही फार खळखळ केली नाही. त्याला दोन माणसं हवी होती, ती मिळाली. वय कोण विचारतो?

हंगाम सुरू झाला. शिरपूर जिंकत गेलं आणि लोक मोहनसिंगचं नाव घेऊ लागले. माणसं ट्रॅक्टर भरून सामने बघायला येऊ लागली. मला मात्र बडबड केल्याशिवाय राहवत नाही. अनसिंगच्या सामन्याला टेम्पोतून जाताना मी त्याला विलायतेची गोष्ट सांगत बसलो. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात तिकडे पहिली फुटबॉल लीग निघाली. बारा संघ होते. खेळणारे कितीतरी जण गिरण्यांतले आणि कारखान्यांतले कामगार. खेळायचे पैसे मिळतात म्हणून बड्या घरच्या लोकांनी आधी नाकं मुरडली, मग तेच तिकीट काढून बघायला येऊ लागले. गोलकीपरला तर तेव्हा समोरचे खेळाडू खांदा मारून चेंडूसकट जाळ्यात ढकलायचे आणि तो गोल धरला जायचा. "तुझ्यासारखीच माणसं होती ती, मोहनसिंग," मी म्हणालो.

मोहनसिंग म्हणाला, "सर, त्यातला गडी खेयाले जाये तवा गिरनीत त्याच्या जागी कोन उभं राहे?"

मी आयुष्यभर खेळ शिकवला, खेळाची पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. काहीतरी बोलून मी विषय बदलला.

रोज संध्याकाळी तो हेमलाला फोन लावायचा. खेळाचं सगळं सांगायचा आणि शेवटी विचारायचा, "बा कुठी आहे? दे त्याले." संक्रांतीपर्यंत म्हातारा फोनवर यायचा. मग हेमला सांगू लागली, बा झोपला, बा पानी आनाले गेला, बा लोकाईत बसला. मोहनसिंग हसून मला म्हणायचा, "बा तिकडं रमला, सर." माझ्याही डोक्यात काही आलं नाही. कसं येणार? आम्ही गोल मोजत होतो.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी शेवटचा सामना झाला. किन्हीराजाच्या पोराने अगदी जवळून मारलेला चेंडू मोहनसिंगने छातीवर घेतला, पडला, पण सोडला नाही. मी शिट्टी वाजवली आणि शिरपूर लीग जिंकलं. माणिकरावांनी सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं, "होळीच्या आधी शाळेत रुजू हो." शब्द दिला तो पाळला, हे मान्य करायला हवं.

एवढी मोठी बातमी फोनवर कशी सांगायची? आमच्याकडे पेढा स्वतःच्या हाताने बापाच्या तोंडात घालावा लागतो, तेव्हा बातमी पुरी होते. हेमला फोनवर म्हणत होती, "येऊ नका, कायले येता, आमीच येतो ना आता." त्याने ऐकलं नाही. पेढ्याचा पुडा घेऊन तो आमच्या तालुक्याच्या मालेगावहून एसटीने निघाला. जायचं, तोंड गोड करायचं आणि परत फिरायचं, एवढाच त्याचा बेत.

पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं.

तो पोचला तेव्हा टोळी फडात होती. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, ओळीने उभ्या होत्या. एका कोपीत लखीराम गोधडीवर पडलेला होता. संक्रांत झाल्यावर तो डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत असताना पाय सटकून खाली आला होता. खुब्याचं हाड मोडलं. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि तेवढ्यावरच भागवलं. मुलाला कळवायचं नाही, अशी त्याने सुनेला आपल्या गळ्याची शपथ घातली होती. "त्याचा खेय मोडू नका," म्हणाला होता.

मग मोहनसिंग फडात गेला. हेमला एकटी तोडत होती. तोडायची, मोळी बांधायची, कुणी हात लावला तर लावला, नाहीतर गुडघ्यावर घेऊन स्वतःच डोक्यावर चढवायची आणि फळी चढायची. दोघांचं काम एकटी ओढत होती, कारण उचल घेतलेला कोयता हंगाम संपेतोवर सुटत नाही. त्याला पाहून ती रडली नाही. "आले कायले?" एवढंच म्हणाली आणि पुढचा ऊस धरला.

त्याने पेढ्याचा पुडा बांधावर ठेवला आणि बापाचा कोयता उचलला.

दुसऱ्या दिवशी मला त्याचा फोन आला. झालेलं थोडक्यात सांगून म्हणाला, "सर, माणिकरावले सांगा, दुसरा मानूस पाहा."

मी संतापलो. वेड्यासारखं करू नको म्हणालो. कारखाना बंद व्हायला महिनाभर राहिलाय, बायको काढेल तेवढे दिवस, तू ये, रुजू हो आणि मग दोघांना घेऊन ये. तो म्हणाला, "सर, नसतं पाह्यलं तं आलो असतो. आता पाह्यलं."

मी माणिकरावांकडे गेलो. महिनाभर जागा राखून ठेवा, असं हात जोडून सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "शाळा म्हणजे काय एसटी स्टँड आहे का, सर, वाट पाहत बसाले?" म्हणाले. जागेवर त्यांच्या भाच्याला लावलं. पुढे लीगही बंद पडली, कारण साहेबांचं मन घोड्यांच्या शर्यतींकडे वळलं होतं.

पेढा मात्र लखीरामला मिळाला. मोहनसिंगने पोचला त्याच संध्याकाळी तो त्याच्या तोंडात घातला आणि सांगितलं, "बा, शाळेत लागलो." म्हाताऱ्याने त्याचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं. मुलगा शिपाई झाला, आता घरात कुणी कोयता धरणार नाही, हे तो कोपीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला. खरं काय ते टोळीला ठाऊक होतं. त्यांच्याच शेजारी तर मोहनसिंग तोडत होता. पण बायामाणसं, पोरंटोरं, सगळी म्हणायची, "हो बा, नशीब काढलं तुमच्या पोरानं." ऊसतोड्यांची जात मला तेव्हा कळली, आणि आमची, म्हणजे माझी नि माणिकरावांची, जातही.

मोहनसिंग पहाटे अंधारात फडात जायचा आणि संध्याकाळी कॅनॉलवर हातपाय धुऊन, शर्ट बदलून बापाजवळ बसायचा. सांगायचा, शाळेनं सुट्टी दिली, दिवसा मुकादमाचे हिशेब लिहितो, बाकी तुमच्याजवळ राहतो. म्हातारा दोनचार दिवस खूष राहिला. मग त्याला काळजी लागली. आधी हळूच विचारायचा, मग रोज विचारू लागला. ताप चढला, बोलणं तुटू लागलं, तरी तेच.

होळी झाली आणि एका संध्याकाळी त्याने मोहनसिंगचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण आवाज चढवला.

"किती दिस सुट्टी घेतं रे? तुह्याच्यानं म्या इथं पडलो, अन् तू माह्याजवळ बसून नोकरी घालवतं का? जाय. आत्ताच्या आत्ता जाय."

मोहनसिंग म्हणाला, "जातो बा." उठला, पिशवी भरली, बापाच्या पाया पडला आणि कोपीच्या बाहेर आला. ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस तो कोपीच्या मागे पाचटात बसून राहिला. संध्याकाळी आत बाप हेमलाला विचारत होता, पोरगा पोचला का. हेमला म्हणाली, पोचला. त्याच रात्री लखीराम गेला, आणि मुलगा कोपीच्या मागून येऊन पहिल्यांदा त्याच्याजवळ मोठ्याने रडला.