मृणालिनीकाकूंच्या अक्रोडाची पानं

अमेरिकेत ओहायोमधल्या डब्लिन गावच्या मराठी मंडळींत मृणालिनीकाकूंशी वाद घालायला कोणी धजत नाही. बाईंचा जन्म ओहायोच्या ऑपरेशन थिएटरांत भूल देण्यात गेला. किती दिलं की झोप आणि किती दिलं की कायमची झोप हे जिला ठाऊक, तिला कुणी काय शिकवायचं?

पण गेल्या ऑगस्टमध्ये काकूंनी माती खाल्ली हो! बॅकयार्डातल्या काळ्या अक्रोडाची पानं गळायला लागली, तशी त्यांनी ती ताजी ताजीच वांग्यांच्या बुडाशी पसरली. ओल टिकेल, तण येणार नाही, असा विचार. बघता बघता ऐन भरातल्या वांग्यांनी माना टाकल्या. ह्या झाडाच्या पानांत जुग्लोन नावाचं विष असतं, आणि वांगी-टोमॅटोंशी त्याचं हाडवैर.

काकूंच्या यजमानांना, चंद्रशेखरकाकांना, आयतंच निमित्त मिळालं. अक्रोड दणादण गाडीवर पडतात म्हणून हे रिटायर्ड इंजिनिअर त्या झाडावर आधीच खार खाऊन होते. "मृणाल, तोडून टाकू ही पीडा. झाडवाल्यांकडे मेमधली डेट बुक करतो."

काकू ह्या देशात नव्या असताना, तान्ह्या लेकाला, वेदला, शेजारणीकडे ठेवून ड्यूटी करून आल्यावर, त्या ह्याच झाडाखाली बसून रडायच्या. त्या झाडावर त्यांचा जीव होता. पण बोलल्या काय? "अहो, हे विष उतरतं. पानांचा वेगळा ढीग लावते. हवा, पाणी आणि वेळ मिळाला की मोडतं ते. वसंतात त्याच खतात टोमॅटोची रोपं करीन. मेली तर खुशाल तोडा झाड!"

मग काकूंनी पानं बारीक केली, लॉनचं कापलेलं गवत आणि चहाचा चोथा घातला, पाणी शिंपडून ढीग पुन्हापुन्हा वरखाली केला. हिवाळाभर तो बर्फाखाली राहिला. वसंतात खत काळंभोर, भुसभुशीत झालं होतं. खिडकीत दोन ट्रे लागले, एकात हे खत, दुसऱ्यात दुकानातली माती. दोन्हींत रोपं तरारली. काकू गावभर फोन करून सांगून मोकळ्या.

आणि एका सकाळी पाहतात तो काय, त्यांच्याच ट्रेमधली रोपं आडवी! दुकानाच्या मातीतली मात्र ताठ.

दुसरी एखादी रडत बसली असती. काकूंनी मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं आणि ओरडल्या, "अहो, इकडे या आधी! ह्यात ताक कुणी ओतलं?"

काका चाचरले. "कालचं उरलं होतं. कढीपत्त्याला नाही का घालत आपण?"

"मिठाचं ताक? एवढ्याशा रोपांना? आणि नेमकं माझ्याच ट्रेमध्ये? झाड पडावं म्हणून ना?"

"काहीतरीच काय!" काका उसळले. "तुझी रोपं जरा बारकी वाटली. म्हटलं, जोम धरतील." मग हळूच म्हणाले, "झाड राहिलं तर राहिलं गं. पण तू सगळ्यांसमोर हरलेली मला बघवली नसतीस."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तशाच उठल्या, नवा ट्रे ओढला, त्याच ढिगातलं खत भरून पुन्हा बी पेरलं. "आता ह्याला हात लावाल तर याद राखा."

काकांनी फोन उचलला.

"कुणाला लावताय?"

"झाडवाल्यांना. डेट कॅन्सल करतो."

"अहो, पण बी अजून उगवायचंय!"

"उगवेल गं," काका नंबर शोधत म्हणाले. "तू म्हणालीस ना."